वॉचमनवर निघणारा राग क्लायंटवर का निघत नाही?

घोडबंदरचा_प्रवासी | ८ जुलै, रात्री १२:४०

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मागच्या गुरुवारी ऐरोलीहून घरी यायला अडीच तास लागले. विटाव्याच्या पुलाखाली पाणी, कळव्यात गाड्या मुंगीच्या पावलाने. ठाणे स्टेशनला मुलीला गाडीत घेतलं आणि तेवढ्यात अमेरिकेतल्या क्लायंटचा फोन आला. गाडी चालवत होतो म्हणून स्पीकरवर टाकला. माजिवडा ते मानपाडा तो माणूस मला झापत होता. चूक आमच्या टीमची नव्हतीच, त्यांच्याच माणसाने चुकीची फाइल पाठवली होती. मी काय म्हणत होतो? 'अ‍ॅब्सोल्यूटली.' 'आय कंप्लीटली अंडरस्टँड.' आवाज असा की जणू लोण्यात घोळवून काढलाय.

कासारवडवलीला सोसायटीच्या गेटशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. गेट बंद. हॉर्न दिला, परत दिला. वॉचमन केबिनमध्ये छत्री शोधत होता बहुतेक, ती काही सापडली नसावी, कारण तो डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून पळत आला. मी काच खाली केली आणि जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. 'झोपायचा पगार देतो का तुला' हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य.

मुलगी गाडीत काही बोलली नाही. लिफ्टमध्ये म्हणाली, "बाबा, त्यालापण अ‍ॅब्सोल्यूटली म्हणायचं ना."

पाच दिवस झाले, ते वाक्य जात नाहीये. राग आंधळा असतो म्हणतात. माझ्या रागाला तर लख्ख दिसतं! पगार दिसतो, पद दिसतं, समोरचा उलटून बोलेल की नाही तेही दिसतं. गेल्या वर्षभरात मी कुणाकुणावर ओरडलो ते आठवून पाहिलं. रिक्षावाले, कुरिअरवाला, बँकेच्या कॉल सेंटरमधली मुलगी, आई. एकही माणूस असा नाही ज्याच्यामुळे माझं काही बिघडलं असतं. म्हणजे 'मला राग आवरत नाही' हे मी स्वतःला इतकी वर्षं सांगत होतो ते खोटंच की. वर बघताना आवरतो, खाली बघताना आवरत नाही.

मी देवाधर्मातला नाही. बायको आहे, ती म्हणते रोज हरिपाठ म्हण, आपोआप निवशील. असेलही. पण मला प्रवचन नकोय, तुम्ही प्रत्यक्षात काय करता ते हवंय. देव मानणाऱ्यांनी आणि न मानणाऱ्यांनी दोघांनीही सांगा.

---

टू_द_पॉइंट | ८ जुलै, सकाळी ७:०५

एवढं मनाला लावून घेऊ नका. वॉचमन जागेवर नव्हता, तुम्ही बोललात, विषय संपला. मेंटेनन्स भरतो आपण. आणि राग दाबून ठेवू नये, बीपी वाढतं. मी एकदा फाडफाड बोलून मोकळा होतो, मनात काही ठेवत नाही.

---

कढीलिंब | ८ जुलै, सकाळी ९:५०

'मी बोलून मोकळा होतो' म्हणणाऱ्यांच्या घरी एक माणूस असतं जे मोकळं होत नाही. असो.

प्रवासी, प्रामाणिक लिहिलंत म्हणून मीही तसंच लिहिते. तुम्ही जे शिकायचं म्हणताय ते मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून करतेय. त्याला आमच्याकडे 'समजूतदारपणा' म्हणतात. २६ वर्षं मी समजूतदार आहे. सासऱ्यांनी ताट सरकवलं, समजून घेतलं. नवऱ्याने चारचौघांत 'हिला काही कळत नाही' म्हटलं, हसून घेतलं. सगळे म्हणतात काय गोड स्वभाव. चार वर्षांपूर्वी एका रविवारी मी भरलेला कुकर सिंकमध्ये उपडा केला. शिट्ट्या झालेला, डाळीसकट. तेव्हा मला कळलं की माझ्याकडे क्षमा वगैरे काही नव्हती, नुसता साठा होता.

त्यामुळे 'राग सोडा' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, कुणाला सांगताय? ज्याला ओरडायची मुभा आहे त्याने सोडणं वेगळं आणि ज्याला मुभाच नाही त्याला 'शांत राहा' सांगणं वेगळं. तुमचा वॉचमन त्या रात्री तुमच्यापेक्षा शांत राहिला ना? त्याला कुणी संत म्हणणार आहे का?

---

निवांत_नौपाडा | ८ जुलै, सकाळी ११:२०

कढीलिंबताई, कुकरचं वाचून गप्प झालो.

परवाच आषाढी झाली म्हणून आठवलं. ज्ञानेश्वर माउलीसुद्धा रागावून, दुखावून झोपडीची ताटी लावून आत बसले होते, हे आपण विसरतो. लोक घालूनपाडून बोलले होते. मुक्ताबाईने बाहेर उभं राहून ताटी उघडायला लावली. जग रागाने आग झालं तर संताने पाणी व्हावं, असं तिचं म्हणणं. मला त्यात धीर देणारी गोष्ट ही वाटते की राग तिथेही आला होता. ताटी उघडली गेली, एवढाच फरक.

आणि पैठणचे एकनाथ महाराज. गोदावरीत अंघोळ करून आले की एक माणूस अंगावर थुंकायचा, ते परत नदीवर जायचे. कथेत हे शंभरावर वेळा होतं. आकडा सोडून द्या. मी मात्र हीच कथा धरून चालतो. रोज सकाळी गोखले रोडवर माझ्या गेटसमोर कुणीतरी स्कूटर लावून जातो, मी मनात 'चला, गोदावरी' म्हणतो आणि ती बाजूला ओढतो. वय ७१. कंबर धरते, पण डोकं धरत नाही.

---

कढीलिंब | ८ जुलै, सकाळी ११:४५

काका, ताटीच्या गोष्टीतही समजूत काढायचं काम धाकट्या बहिणीकडेच आहे बघा. :)

---

निवांत_नौपाडा | ८ जुलै, दुपारी १२:०२

हे सत्तर वर्षांत लक्षात आलं नव्हतं. हरलो.

---

विवेकी_वडापाव | ८ जुलै, दुपारी १:३०

देव न मानणाऱ्यांच्या कोट्यातून लिहितो.

आधी टू_द_पॉइंट यांच्या 'मोकळं होण्या'बद्दल. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाचा २००२ सालचा प्रयोग आहे. ६०० कॉलेजविद्यार्थी घेतले, त्यांच्या निबंधावर मुद्दाम खवचट शेरे मारून त्यांना चिडवलं. मग काहींना सांगितलं, शेरे मारणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा आणि पंचिंग बॅगवर ठोसे मारा. काहींना व्यायाम म्हणून ठोसे मारायला लावले, काहींना नुसतं बसवून ठेवलं. त्या माणसाला आठवत ठोसे मारणारे सगळ्यात जास्त चिडलेले राहिले आणि नंतर सगळ्यात आक्रमकही तेच निघाले. नुसते बसलेले सगळ्यात कमी आक्रमक. वाफ बाहेर काढली की कुकर थंड होतो, माणूस होत नाही. (ताई, उपमा चुकून आली, माफ करा.)

दुसरं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. आपल्या ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, तिथेही ही पद्धत वापरतात. मी स्वतः घटस्फोटाच्या काळात एका समुपदेशकाकडे ही शिकलो. सार असं की राग घटनेतून थेट येत नाही, मधे आपला हट्ट असतो. आणि मराठीत तो हट्ट एका अक्षरात सापडतो. 'च'.

गेट वेळेवर उघडायला हवं, ही इच्छा झाली. गेट वेळेवर उघडायलाच हवं, ही मागणी झाली, आणि ती पूर्ण झाली नाही की समोरचा गुन्हेगार. मी तीन महिने वहीत रोजची चिडचिड लिहून त्यातले 'च' लाल पेनने गोल करायचो. पोरकट वाटेल. पण तीन महिन्यांनी बोलतानाच 'च' जिभेवर अडायला लागला.

वाईट अजूनही वाटतं, त्रासही होतो. फक्त समोरच्याची औकात काढावीशी वाटत नाही.

---

शमा_मुंब्रा | ८ जुलै, दुपारी ४:१५

शाळा सुटल्यावर लिहितेय. आमच्यात एक हदीस आहे, राग आला आणि उभे असाल तर बसा. तरी नाही गेला तर आडवे व्हा. आता सकाळच्या लेडीज डब्यात बसायला जागा असती तर राग आलाच कशाला असता! आडवं व्हायचं तर सोडूनच द्या.

पण गंमत बाजूला ठेवून एक सांगते. वीस वर्षं लोकल करतेय. डब्यात शिव्या आहेत, पिना टोचणं आहे, दारात अडवणं आहे. आणि त्याच डब्यात चौथी सीट आहे. बाकडं तिघांचं. चौथ्या सीटवर कुणाचाही हक्क नाही, रेल्वेने ती दिलेली नाही. तिघी जणी दीड-दीड वीत सरकतात आणि चौथी अर्ध्या मांडीवर टेकते. ती हिंदू का मुसलमान का कोण, कुणी विचारत नाही, फार तर 'कुठे उतरणार?' विचारतात. मला कुणी 'मोठं मन' म्हटलं की हेच दिसतं. मन मोठं नसतंच हो, बाकडं तेवढंच असतं. सरकावं लागतं, आणि सरकणारीला त्रासच होतो, पाय बधिर होतात.

मी काय करते ते विचारलंत. पाणी पिते. पर्समधली बाटली काढून तीन घोट. तोंडात पाणी असताना शिवी देता येत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र.

---

सायडिंगचा_डबा | ८ जुलै, दुपारी ४:४०

अवांतर: १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा १४ डब्यांत ४०० पाहुणे होते. त्या दिवशी कुणी कुणाला 'सरका जरा' म्हटलं नसणार. आता तेवढी माणसं दोन डब्यांत बसवतो आपण. चालू द्या.

---

ऐरोलीकर_दोन | ८ जुलै, रात्री ९:१०

निवांतकाका, राग मानू नका. नाथांना पुन्हा पुन्हा नदीत उतरता येत होतं. माझ्या पणजोबांना पाण्याला हात लावायची सोय नव्हती. त्यामुळे ही कथा ऐकताना माझं मन आधी नदीच्या काठावरच अडतं.

आमच्या घरी दोन गोष्टी सांगतात. एक बुद्धांची. एक माणूस येऊन वाटेल तसं बोलला. बुद्धांनी विचारलं, तुझ्याकडे पाहुणे येतात, तू जेवण वाढतोस, त्यांनी घेतलं नाही तर ते कुणाचं? तो म्हणाला, माझंच. मग या शिव्याही मी घेत नाही, तुझ्या तुलाच. मी विक्रोळीला कंपनीत सुपरवायझर होतो तेव्हा ही रोज वापरली आहे. साहेब बोलायचे, मी मनात म्हणायचो 'वाढलंत, घेतलं नाही'.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची. २० मार्च १९२७, महाड. चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर परतणाऱ्या लोकांवर जमाव तुटून पडला, लोकांची डोकी फुटली. आपल्या बाजूला लष्करात नोकरी केलेले लोक होते, एका शब्दाची वाट बघत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. सगळ्यांना शांत ठेवलं. पण तळ्यावरचा हक्क सोडला का? नाही. कोर्टात दहा वर्षं खटला चालला, १९३७ ला हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला.

कढीलिंबताई म्हणतात ते हेच आहे असं मला वाटतं. हात न उचलणं म्हणजे मागणी सोडणं नव्हे. आपल्याकडे ही दोन्ही एकाच पोत्यात भरतात आणि ते पोतं नेहमी खालच्याच्या डोक्यावर देतात.

---

टू_द_पॉइंट | ८ जुलै, रात्री ९:३२

झालं सुरू. वॉचमनच्या धाग्यात हे आणायची गरज होती का? प्रत्येक ठिकाणी तुमचं तेच रडगाणं.

---

विवेकी_वडापाव | ८ जुलै, रात्री ९:३५

'मनात काही ठेवत नाही' म्हणजे हेच ना? इतरांच्या अंगावर ठेवता.

---

टू_द_पॉइंट | ८ जुलै, रात्री ९:३८

तुम्ही लाल पेन घेऊन बसा.

---

निवांत_नौपाडा | ८ जुलै, रात्री १०:२०

ऐरोलीकर, राग कशाचा. तुम्ही म्हणता ती बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. नाथांचीच दुसरी कथा सांगतात, वाळवंटात तापल्या वाळूवर रडणारं महाराचं पोर त्यांनी उचलून घेतलं, ती. पण ती सांगून मी तुमचं म्हणणं खोडायला बघतोय असं होईल, म्हणून नुसती नोंदवून थांबतो. महाडला मी कधी गेलो नाही. जायला हवं.

---

संपादक | ८ जुलै, रात्री १०:४५

व्यक्तिगत शेरे टाळा. धागा चांगला चाललाय, बंद करायला लावू नका.

---

टेंभीनाका_गल्ली | ९ जुलै, सकाळी ८:३०

आमच्या जैनांत पर्युषणाच्या शेवटी संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम' म्हणतात, कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी. मी दरवर्षी दोनशे जणांना एकाच टिचकीत पाठवते. जिला खरंच म्हणायला हवं त्या नणंदेला सोडून.

---

पाचव्या_मजल्यावरून | ९ जुलै, सकाळी १०:१५

माझा प्रश्न अगदी चालू आहे, म्हणून विचारते. नेरुळला राहतो. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून आमच्या बेडरूमच्या छतात दोन पावसाळे गळती. वरचे गृहस्थ म्हणतात 'बघतो'. काल रात्री मी सोसायटीच्या ग्रुपवर भला मोठा मेसेज टाइप केला होता, त्यांच्या मुलाच्या परदेशातल्या पगारासकट. हा धागा वाचला आणि पाठवला नाही. पण छत तर गळतंय. मोठ्या मनाने बादली लावून बसू का?

---

ऐरोलीकर_दोन | ९ जुलै, सकाळी १०:५०

अजिबात नको. बादली लावा, पण अर्जही द्या. आदर्श उपविधींप्रमाणे टॉयलेट, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या फ्लॅटच्या आतल्या गळतीचा खर्च सोसायटीकडे येत नाही, त्या सभासदानेच करायचा असतो. छताची किंवा बाहेरच्या पाइपांची गळती असेल तर सोसायटीने. म्हणून आधी कारण पक्कं करा. कमिटीला लेखी कळवा, प्लंबर घेऊन पाहणी करायला सांगा, पोच घ्या. पत्रात तारखा आणि फोटो. मुलाचा पगार नको.

---

शमा_मुंब्रा | ९ जुलै, सकाळी ११:३०

आणि पत्र देण्याआधी एकदा वर जाऊन बेल वाजवा, त्यांना खाली बोलावून छत दाखवा. फोटोत ओल दिसते, वास येत नाही.

---

पाचव्या_मजल्यावरून | ९ जुलै, सकाळी ११:३४

दोन वर्षांत त्यांना एकदाही घरात बोलावलेलं नाही, हे आत्ता लक्षात आलं. लिफ्टमध्येच भांडतो आम्ही.

---

कढीलिंब | ९ जुलै, दुपारी २:००

एक शंका. अशा चर्चांत नेहमी शेवटी कळतं की समोरच्याची आई आयसीयूत होती, म्हणून तो तसा वागला. आणि मग आपण विरघळतो. पण नसेल कुणी आयसीयूत तर? वरचे गृहस्थ नुसते आळशी आणि कंजूष असतील तर? वॉचमन खरंच झोपला असेल तर? कारण सापडलं तरच माफ करायचं असेल तर ती माफी नाही, तो हिशेब झाला. मला अजून जमलेलं नाही म्हणून विचारतेय. टोमणा नाही.

---

विवेकी_वडापाव | ९ जुलै, दुपारी २:४०

बरोबर. माणूस चुकला हे तसंच राहू द्यायचं. 'तो चुकला' आणि 'तो नालायक आहे' या दोन वाक्यांमधली जागा, एलिसबाबांचं सगळं दुकान त्या जागेत आहे.

---

टू_द_पॉइंट | ९ जुलै, संध्याकाळी ६:१०

ऐरोलीकर, कालचा माझा प्रतिसाद मागे घेतो. 'रडगाणं' हा शब्द वापरायला नको होता. महाडचं उदाहरण विषयाला धरूनच होतं, मी घाईत वाचलं. वॉचमनबद्दल माझं मत तेच आहे, ड्यूटी म्हणजे ड्यूटी.

---

ऐरोलीकर_दोन | ९ जुलै, संध्याकाळी ६:२५

ठीक आहे. ड्यूटीबद्दल माझंही तेच मत. ३१ वर्षं शिफ्टमध्ये काढलीत.

---

घोडबंदरचा_प्रवासी | ११ जुलै, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत नाही, पण सगळं दोनदा वाचलंय. शमाताईंची बाटली गाडीत ठेवली आहे. 'च' मोजायला घेतले, पहिल्या दिवशी दुपारपर्यंत चौदा, मग पान संपलं.

काल वॉचमनची माफी मागायला गेलो. धाडस लागलं, खोटं कशाला बोलू. आधी दोनदा गेटवरून तसाच गाडी काढून आत आलो. शेवटी गाडी लावून पायी परत गेलो. तो केबिनमध्ये स्टीलच्या डब्यातून जेवत होता, मला बघून उभा राहिला. मी म्हटलं, "बसा, बसा. गुरुवारी रात्री मी तुम्हाला फार वाईट बोललो, पावसात. चूक झाली माझी."

तो बघतच राहिला. मग म्हणाला, "साहब, गुरुवार को तो मैं था ही नहीं। मैं सोमवार से आया हूँ।"

मला सुचेना. मी विचारलं, आधीचा कुठे गेला? एजन्सीने बदलला म्हणाला. गावी गेला असेल नाहीतर दुसऱ्या साइटवर, त्याला माहीत नव्हतं. नावही माहीत नव्हतं. मी सेक्रेटरींना विचारलं, त्यांनाही माहीत नाही, रजिस्टरमध्ये फक्त 'नाइट' लिहिलेलं आहे. तो आमच्या गेटवर सात महिने होता असं नंतर कळलं.

आणि मी ज्याच्यासमोर उभं राहून माफी मागितली तो त्याच्यापेक्षा निदान वितीने उंच आहे, मिशी आहे. पिशवी डोक्यावर धरून पळत येणाऱ्याला मिशी होती का, मी आठवून बघतोय.

---

कढीलिंब | ११ जुलै, रात्री ११:४०

एजन्सीच्या ऑफिसात विचारलंत का? त्यांच्याकडे हजेरी असते.

---

घोडबंदरचा_प्रवासी | ११ जुलै, रात्री ११:५२

उद्या सकाळी जातोय. मुलगी म्हणाली मीपण येते, तिला चेहरा आठवतो.